पोलिसांनी नेलेल्या मुलाचं पुढं काय होतं?

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाबाहेरच्या बाकावर मी एका बाईंशेजारी बसले होते. त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि नीट घडी घातलेला एक शर्ट. मुलगा सोळा वर्षांचा. मोबाइल चोरल्याच्या संशयावरून आदल्या संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले होते. बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होत्या, “ताई, आज घरी सोडतील का हो?” शर्ट कशाला आणला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “नेला तेव्हा अंगात उसवलेला होता. साहेबांपुढं तसाच कसा उभा राहील?”

त्यांच्या प्रश्नाला कायद्यात सरळ उत्तर आहे: हो, सोडायलाच हवं. तो मुलगा मात्र त्या दिवशी घरी गेला नाही. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी असलेली न्यायव्यवस्था आतून कशी चालते ते बघावं लागतं. आपल्याकडे या विषयावर बोलणं होतं ते एखादी भयंकर घटना घडली की. मग आठवडाभर ‘अल्पवयीन म्हणून सुटला’ असा संताप असतो आणि पुन्हा शांतता. रोज मंडळांपुढं उभी राहणारी हजारो मुलं त्या संतापातही नसतात आणि त्या शांततेतही नसतात.

आधी शब्द. आपण सर्रास ‘बालगुन्हेगार’ म्हणतो. कायदा म्हणतो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. शब्द बोजड आहे, उच्चारताना जीभ अडखळते, पण त्यामागचा विचार मला पटतो. मुलाची कायद्याशी गाठ पडली आहे, एवढंच त्यात म्हटलंय. तो कोण आहे याचा निकाल दिलेला नाही. म्हणूनच मुलाला ‘अटक’ होत नाही, त्याला ‘ताब्यात घेतलं’ जातं. तो ‘आरोपी’ नसतो आणि त्याला ‘शिक्षा’ सुनावली जात नाही. या शब्दांची आठवण कायद्यानंच तत्त्व म्हणून घालून दिली आहे.

सध्या लागू असलेला कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला आणि महाराष्ट्रानं त्याखालचे आपले नियम २०१८ मध्ये केले. त्यानुसार मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, मोठ्यांच्या तुरुंगात तर नाहीच. बेडी घालता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढं उभं करावं लागतं, आणि त्याला घेऊन येणारा पोलीस शक्यतो साध्या कपड्यांत असावा लागतो. क्षुल्लक किंवा मध्यम स्वरूपाच्या प्रकरणात पोलिसांनी गुन्हाच नोंदवू नये, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करावी आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीची माहिती मंडळाला द्यावी, असं केंद्राचे आदर्श नियम सांगतात. गुन्हा नोंदवायचा तो प्रकरण अतिगंभीर असेल किंवा मुलाबरोबर मोठी माणसं सामील असतील तरच.

मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक स्त्री. खोलीत उंच चौथरा नसावा, पिंजरा नसावा, सगळ्यांनी एका पातळीवर बसून बोलावं, हेसुद्धा नियमांत लिहिलेलं आहे. मी पाहिलेल्या खोल्यांपैकी काहींत हे अगदी मनापासून पाळलेलं होतं. साधं लाकडी टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मुलगा आणि त्याची आई. काही ठिकाणी मात्र नुसती खुर्च्यांची मांडणी बदलली होती, बोलण्याची रीत कोर्टाचीच होती.

आता जामीन. मोठ्यांच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र यावर बरंच अवलंबून असतं. मुलांच्या बाबतीत हा फरक कायद्यानं काढून टाकला आहे. गुन्हा कोणताही असो, मुलाला जामिनावर सोडायचं किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवायचं, हाच नियम. अपवाद तीनच: सुटला तर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, किंवा त्याच्या स्वतःच्या शरीर-मनाला धोका होईल, किंवा सुटका न्यायाच्याच आड येईल. आणि सोडायचं नाही असं ठरवलं तर त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात.

म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचे दोन हात आहेत. एक देखरेखीचा, दुसरा कोंडून ठेवण्याचा. कायद्याला देखरेखीचा हात उजवा हवा आहे. मूल घरी राहील, शाळेत किंवा कामाला जाईल आणि एक जाणता माणूस त्याच्याकडे नियमानं येऊन लक्ष ठेवील. कोंडणं शेवटचा उपाय, आणि तोही कमीत कमी दिवसांसाठी. प्रत्यक्षात मात्र कोंडण्याच्या हाताकडे इमारती आहेत, भिंती आहेत, कुलपं आहेत. देखरेखीच्या हाताकडे आहे तो एक माणूस, आणि पुष्कळ ठिकाणी त्याची खुर्ची रिकामी असते. माझं सगळं म्हणणं याच एका मुद्द्याभोवती आहे.

बाकावरच्या बाईंच्या मुलाला मंडळानं जामीन दिला होता. पण जामीनदार आणायचा होता, आणि शेतमजुरी करणाऱ्या त्या बाईंना कागदपत्रांसकट कोण उभं राहणार? मुलगा निरीक्षणगृहात गेला आणि नऊ दिवस तिथं राहिला. जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण करता आली नाही तर मुलाला पुन्हा मंडळापुढं आणून अट सैल करायची, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात आहे. ती त्या आईला कोणी सांगितलीच नाही. नऊ दिवस म्हणजे काही फार नाही, असं कोणी म्हणेल. पण त्या नऊ दिवसांत त्याची सहामाही परीक्षा बुडाली, आणि वर्गात सगळ्यांना कळलं की तो ‘रिमांड’ला जाऊन आला.

परिविक्षा अधिकारी आणि एक लांबलचक फॉर्म

‘प्रोबेशन ऑफिसर’ हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला असतो, काम मात्र कोणाला नीट ठाऊक नसतं. मुलाला ताब्यात घेतल्याची खबर मिळाली की दोन आठवड्यांच्या आत या अधिकाऱ्यानं ‘सामाजिक तपासणी अहवाल’ तयार करून मंडळाला द्यायचा असतो. गुन्हा कसा झाला ते पोलीस सांगतात. मूल कोण आहे ते हा अहवाल सांगतो.

त्याचा नमुना मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटलं. घरात कोण-कोण, कमावतं कोण, घरात मारहाण होते का, व्यसन कोणाला, मुलाला स्वतःला कसली सवय, हे तर त्यात आहेच. पण मुलाला चित्रं काढायला आवडतात का, खेळतो का, वाचतो का, हेही विचारलेलं आहे. मित्र बरोबरीचे की वयानं मोठे? शाळा सुटली असेल तर का सुटली, यासाठी एक मोठी यादीच आहे: नापास झाला, घरासाठी कमवायला लागला, आईवडील अचानक गेले, शिक्षकांना पर्वा नव्हती, शाळेत अपमान झाला, मार बसला, जवळ पुढची शाळाच नव्हती. ज्यानं कोणी ही यादी केली त्याला आपल्याकडची मुलं शाळेबाहेर कशी पडतात ते नेमकं माहीत होतं.

हा फॉर्म खरा भरायचा तर अधिकाऱ्याला वस्तीत जावं लागतं, शेजाऱ्यांशी, शिक्षकांशी बोलावं लागतं. एकेका मुलामागं दोन-तीन दिवस मोडतात. अधिकाऱ्याकडे अख्खा जिल्हा, शिवाय काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचंही काम असेल तर काय होणार? फॉर्म टेबलावरच भरला जातो. सगळीकडे ‘ठीक’, ‘सामान्य’, ‘नाही’. आणि मंडळापुढं असा कोरडा अहवाल आला की निर्णय करणाऱ्यांच्या हातात उरतं फक्त पोलिसांचं टिपण.

चौकशीअंती मुलानं गुन्हा केल्याचं दिसलं तर मंडळ काय करू शकतं? समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम, पालकांना दंड, पालकांच्या किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या हवाली करून तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर देखरेख, आणि सगळ्यात शेवटी विशेषगृह, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. इथं एक गोंधळ नेहमी होतो म्हणून सांगते. निरीक्षणगृह, ज्याला लोक अजून ‘रिमांड होम’ म्हणतात, ते चौकशी चालू असेपर्यंत. विशेषगृह, निकालानंतर. आणि सोळा-अठरा वयाची अतिगंभीर प्रकरणांतली मुलं किंवा मध्येच अठरा पूर्ण झालेली मुलं यांच्यासाठी तिसरी जागा असते, ‘सुरक्षित ठिकाण’. बालगृह या तिन्हींपेक्षा वेगळं. तिथं अनाथ, सोडून दिलेली, हरवलेली मुलं असतात. त्यांनी काहीही केलेलं नसतं.

मुंबईत डोंगरीला, उमरखाडीत जे निरीक्षणगृह आहे ते जुन्या तुरुंगाच्या वास्तूत आहे. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, हे आपण शाळेत शिकतो. मुंबई इलाख्याचा बालकांसाठीचा कायदा १९२४ चा. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली, आणि मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवण्याचं काम सुरू झालं. त्या काळाच्या मानानं ते पाऊल मोठंच होतं. पण जाड दगडी भिंती आणि मोठा दरवाजा आत येणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाशी जे बोलतात, ते बोलणं पाटी बदलल्यानं बदलत नाही.

वय: सोळा की अठरा?

१९८६ पर्यंत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा होता. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी देशभरासाठी एक कायदा आला. त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत ‘बाल’ होती. १९९२ मध्ये भारतानं बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, आणि २००० च्या कायद्यानं दोघांसाठी अठरा हे वय ठरवलं.

मग डिसेंबर २०१२. दिल्लीतल्या त्या सामूहिक बलात्काराच्या सहा आरोपींपैकी एक सतरा वर्षांचा होता. त्याला तीन वर्षं विशेषगृहात ठेवलं गेलं. देशाचा राग मी समजू शकते, मलाही तो आला होता. त्या घटनेनंतर कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं मात्र त्या रागाच्या भरातही वय खाली आणण्याची शिफारस केली नाही. तरीही तो मुलगा सुटला त्याच आठवड्यात, २२ डिसेंबर २०१५ ला, राज्यसभेनं नवा कायदा मंजूर केला. त्यात वय अठराच राहिलं, पण एक दरवाजा उघडला गेला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ ‘प्राथमिक मूल्यमापन’ करतं. गुन्हा करण्याची त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती बघून ठरवतं की प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवायचं का. तिथं त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. तरी फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. एकवीस वर्षांपर्यंत त्याला सुरक्षित ठिकाणीच ठेवायचं.

‘अतिगंभीर’ म्हणजे काय, यावर सगळं प्रकरण फिरतं. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तोच अतिगंभीर. जास्तीत जास्त शिक्षा कितीही असो, किमान सात वर्षं लिहिलेली नसतील तर तो ‘गंभीर’ या खालच्या गटात जातो. हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं कायद्यातही आलं.

हे एवढं सविस्तर लिहिलं ते पुण्यामुळं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी मंडळाच्या एका सदस्यानं त्याला जामीन दिला, आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. देशभर संताप उसळला. तीन दिवसांनी मंडळानं त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं ते पाठवणं बेकायदा ठरवून त्याला नातेवाइकांच्या ताब्यात दिलं, कारण जामीन रद्द न करता कोंडून ठेवता येत नाही. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही मंडळानं फेटाळली. पोलिसांनी लावलेलं सदोष मनुष्यवधाचं कलम दहा वर्षांची, अगदी जन्मठेपेचीही शिक्षा देऊ शकतं, पण त्याला किमान सात वर्षांची अट नाही. त्यामुळं कायद्याच्या भाषेत तो अतिगंभीर ठरत नाही.

लोकांना राग आला तो निबंधाचा. मला त्या दिवशी जास्त खटकलं ते हे की मुलाच्या घरात काय चाललं होतं, त्याच्या हातात गाडी आणि दारू कशी आली, हे सांगणारा नीट अहवाल समोर असण्याइतका वेळच त्या निर्णयाला मिळाला नव्हता. पुढं राज्य सरकारनं मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून दूर केलं. जामीन देणं चूक नव्हतं, कायदा तेच सांगतो. पण खरी देखरेख काय असेल याचा विचार न करता दिलेला जामीन रिकामा असतो. मेलेल्यांच्या आईवडिलांना त्यातून न्याय दिसला नाही, यात त्यांचं काय चुकलं?

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

मुलांचे गुन्हे भयंकर वाढलेत, असं आपण रोज ऐकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघू. २०१४ मध्ये देशात मुलांवर गुन्ह्याचा आरोप ठेवून नोंदवलेली प्रकरणं ३८,४५५ होती. २०१८ मध्ये ३१,५९१. कोविडच्या वर्षात, २०२० मध्ये, २९,७६८. २०२२ मध्ये ३०,५५५ आणि २०२३ मध्ये ३१,३६५. म्हणजे दहा वर्षांत संख्या खाली आली आहे आणि गेली काही वर्षं तिथंच घुटमळते आहे. देशात नोंदवल्या जाणाऱ्या एकूण गुन्ह्यांत हा वाटा सुमारे अर्धा टक्का. महाराष्ट्र यात वरच्या राज्यांमध्ये असतो, २०२२ मध्ये आपल्याकडे ४,४०६ प्रकरणं होती.

पण संख्या घटली म्हणून डोळे मिटून घेण्यासारखंही नाही. एकूण कमी झालं तरी त्यात मारामारी, प्राणघातक हल्ला, खून अशा हिंसक गुन्ह्यांचा वाटा २०१६ नंतर वाढत गेला आहे. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचल्याच, आणि त्यांत पंधरा-सतराची पोरं असतात. मोठे लोक त्यांना मुद्दाम पुढं करतात, कारण ‘तू लहान आहेस, तुला काही होत नाही’. अशा मोठ्यांसाठी याच कायद्यात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ते कलम अधिक वापरलं जायला हवं.

पकडलेल्या मुलांपैकी जवळपास ७९ टक्के सोळा ते अठरा वयाची असतात. आणि हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो: ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलं आपल्या आईवडिलांबरोबर घरी राहणारी असतात. रस्त्यावरची बेवारस पोरं, हे आपल्या मनातलं चित्र खरं नाही. घर आहे, शाळेत कधीतरी नाव घातलेलं आहे. म्हणूनच घरी जाऊन करायची देखरेख हीच त्यांच्यासाठी सगळ्यात नेमकी गोष्ट आहे.

आता या आकड्यांत काय नाही ते बघा. आज, या क्षणी, देशात किती मुलं निरीक्षणगृहांत आहेत? त्यांतली किती चौकशी संपण्याची वाट बघताहेत? किती मुलं घरी देखरेखीखाली आहेत, आणि त्यांच्याकडे महिन्यातून किती वेळा कोणी जातं? हे वर्षागणिक वाढतंय की घटतंय, हे सांगणारी मोजणी आपल्याकडे नियमानं छापली जात नाही. आपण गुन्हे मोजतो, त्यानंतरचे दिवस मोजत नाही.

ऑस्ट्रेलिया हे मोजतो. तिथं एखाद्या सरासरी दिवशी साडेचार हजारांच्या आसपास मुलं-तरुण बाल न्यायव्यवस्थेच्या नजरेखाली असतात. त्यांतली पाचपैकी चार घरी, वस्तीत राहून देखरेखीखाली, आणि एक बंद दाराआड. मोजलं की कुठं दुखतंय ते दिसतं. बंद असलेल्यांपैकी पाचात चार जणांचा निकालच लागलेला नसतो. त्या वयाच्या लोकसंख्येत मूळनिवासी मुलं फार थोडी आहेत, पण कोंडलेल्यांत निम्म्याहून अधिक तीच. हे आकडे समोर असूनही तिथं झोका उलटसुलट हलतोच. उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरीनं २०२३ मध्ये गुन्ह्याची जबाबदारी धरण्याचं वय दहावरून बारा केलं आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये पुन्हा दहावर आणलं. आपल्याकडे हे वय सात आहे, आणि नव्या भारतीय न्याय संहितेनंही ते सातच ठेवलं. बारापर्यंत समज किती आहे ते बघायचं असतं, पण सुरुवात सातपासून. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती किमान चौदा म्हणते.

इंग्लंड-वेल्समध्ये २००८ च्या आसपास साधारण तीन हजार मुलं कोठड्यांत असायची, आता ती साडेचारशेच्या आत आली आहेत. अमेरिकेत २००० मध्ये एखाद्या दिवशी लाखाहून अधिक मुलं बंदिस्त असायची, २०२२ पर्यंत ती तीस हजारांच्या आत आली. दोन्हीकडे गुन्हे कमी झाले हे एक कारण. दुसरं म्हणजे पहिल्या चुकीला मंडळाच्या किंवा कोर्टाच्या दारापर्यंत न आणता बाहेरच्या बाहेर मार्गी लावणं. मुलांना एवढ्या संख्येनं बाहेर ठेवल्यामुळं या देशांत त्यांच्या गुन्ह्यांचा पूर आला, असं झालं नाही.

आपल्याकडची मंडळं कुठल्या अवस्थेत आहेत याचा थोडा अंदाज इंडिया जस्टिस रिपोर्ट या न्यायव्यवस्थेच्या अभ्यासानं माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या माहितीवरून येतो. ऑक्टोबर २०२३ अखेर ३६२ मंडळांपुढच्या प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रलंबित होती. ओडिशात हे प्रमाण ८३ टक्के, कर्नाटकात ३५. दर चारांतल्या एका मंडळात सदस्य पुरे नव्हते. किरकोळ प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची आणि तरीही न संपल्यास ते प्रकरण बंद करायचं, असं कायदा सांगतो. सोळाव्या वर्षी केलेल्या चोरीची तारीख एकोणिसाव्या वर्षी पडत असेल, तर ज्या मुलाला सुधारायचं होतं तो मुलगा तिथं राहिलेलाच नसतो. तो नोकरी शोधत असतो, आणि मालकाकडे सुट्टी कुठल्या तोंडानं मागायची याच्या काळजीत असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे वय न तपासता मुलाला सरळ मोठ्यांच्या तुरुंगात टाकणं. आयप्रोबोनो या संस्थेनं तुरुंगांकडून माहितीच्या अधिकारात आकडे मागवले. २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत किमान ९,६८१ मुलं चुकून प्रौढ तुरुंगांत ठेवली गेल्याचं त्यातून निघालं. वय ठरवायची रीत कायद्यात अवघड नाही. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. लहान असल्याचा दावा कधीही करता येतो, शेवटचा निकाल लागून गेल्यावरसुद्धा.

ही शेवटची तरतूद कशासाठी, हे पुण्याच्याच एका खटल्यातून कळतं. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलांचा खून झाला. फार क्रूर प्रकरण होतं, पुणेकरांना अजून आठवतं. राजस्थानच्या बिकानेर भागातला एक जण त्यात पकडला गेला. त्याचं वय कागदोपत्री विशीतलं लागलं. १९९८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. तुरुंगात त्यानं शिक्षण घेतलं. २०१८ मध्ये त्यानं अर्ज केला की गुन्ह्याच्या वेळी मी लहान होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की गुन्हा घडला त्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, त्यातली कितीतरी वर्षं फाशीच्या छायेत.

निर्णय ज्या पुराव्यावर झाला तो होता त्याच्या गावच्या सरकारी शाळेचं प्रवेश रजिस्टर. त्यात जन्मतारीख लिहिलेली होती, १ फेब्रुवारी १९८२. १९९४ मध्येही ते रजिस्टर शाळेत होतं.